ऑस्ट्रेलियन म्हणजे कोण? साहित्य आणि पडद्यावरील ओळख व आपलेपणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी पालकांच्या हाती मुलांना शाळेत नेमलेली कादंबरी येते, किंवा महाराष्ट्रात इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे ऑस्ट्रेलियन साहित्याचा पेपर येतो, तेव्हा साधारण पुढील प्रश्न विचारले जातात. उत्तरे देण्यापूर्वी माझी भूमिका सांगून ठेवते. या देशाच्या कथांत 'मी कोण' हा प्रश्न 'ही जमीन कोणाची' या प्रश्नापासून कधीच सुटा होत नाही. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे, तर सातबाऱ्यावर आधी कोणाचे नाव होते, हे ज्या कथेला ठाऊक असते, ती कथा मला अधिक खरी वाटते. पुढील सर्व उत्तरांमागे हीच कसोटी आहे.

'ऑस्ट्रेलियन' असण्याची काही ठरलेली व्याख्या आहे का?

कायद्यापुरती आहे, आणि तीही फार जुनी नाही. ऑस्ट्रेलियाचे वेगळे नागरिकत्व २६ जानेवारी १९४९ रोजी अस्तित्वात आले. तोवर तिथले लोक केवळ ब्रिटिश प्रजाजन होते. साहित्यापुरती व्याख्या करण्याचा प्रयत्न एका मृत्युपत्राने केला. लेखिका माइल्स फ्रँकलिन यांनी मागे ठेवलेल्या निधीतून १९५७ पासून कादंबरीसाठी पुरस्कार दिला जातो आणि त्या कादंबरीत ऑस्ट्रेलियन जीवनाचे, मग ते कोणत्याही अवस्थेतले असो, दर्शन घडावे अशी अट आहे. अट सोपी वाटते. परंतु फ्रँक मूरहाउस यांची 'ग्रँड डेज' ही कादंबरी, नायिका ऑस्ट्रेलियन असूनही, कथानक जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या कार्यालयात घडते म्हणून १९९४ मध्ये स्पर्धेबाहेर ठेवली गेली. त्यावर मोठा वाद झाला. माणूस देशाबाहेर गेला की त्याचे ऑस्ट्रेलियनपण मागे राहते का, हा त्या वादातला प्रश्न परदेशी राहणाऱ्या कोणत्याही मराठी माणसाला सहज समजण्यासारखा आहे.

सर्व काही 'बुश'पासून का सुरू होते?

'बुश' म्हणजे शहराबाहेरचा विस्तीर्ण, विरळ वस्तीचा रानमाळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगवेगळ्या वसाहतींचे एक राष्ट्र होऊ घातले होते आणि त्या राष्ट्राला स्वतःचा चेहरा हवा होता. सिडनीत १८८० मध्ये सुरू झालेल्या 'द बुलेटिन' या साप्ताहिकाने तो चेहरा बुशमध्ये शोधला : घोडेस्वार, गुराखी, पाठीवर वळकटी टाकून कामाच्या शोधात फिरणारा माणूस, आणि संकटात एकमेकांना न सोडणारी त्यांची यारी, जिला तिथे 'मेटशिप' म्हणतात. हे लिहिणारे व वाचणारे मात्र बहुतांशी शहरातले होते. 'द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर' ही १८९० ची गाजलेली कविता लिहिणारे बँजो पॅटरसन सिडनीत वकिली करत असत. याच साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर १९०८ पासून पुढे पन्नासहून अधिक वर्षे 'ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी' या अर्थाचे ब्रीदवाक्य छापले जात होते, हेही विसरता कामा नये.

या काळातली एकच कथा वाचायची असेल, तर हेन्री लॉसन यांची १८९२ मधील 'द ड्रोव्हर्स वाइफ' वाचावी. ड्रोव्हर म्हणजे गुरांचे कळप शेकडो मैल हाकत नेणारा माणूस. तो महिनोन्महिने बाहेर आहे आणि त्याची बायको चार मुलांसह दोन खोल्यांच्या लाकडी घरात राहते आहे. एका संध्याकाळी साप घराखाली शिरतो. फळ्यांमधल्या फटींतून तो वर येईल या भीतीने ती मुलांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर झोपवते, काठी हाताशी ठेवते, शिवणाची टोपली घेते आणि अ‍ॅलिगेटर नावाच्या कुत्र्यासह रात्रभर जागते. रात्री विस्तवासाठी लाकूड आणायला ती बाहेर जाते, राशीतला एक ओंडका ओढते आणि सगळी रास कोसळते. आदल्याच दिवशी एका वाटसरू आदिवासी माणसाने ती रचून दिली होती आणि तिने खूश होऊन त्याला ठरल्यापेक्षा जास्त तंबाखू दिली होती. रास मात्र आतून पोकळ होती. तिला रडू कोसळते. पहाटे साप मारला जातो आणि थोरला मुलगा आईला सांगतो की, आपण कधीच गुरांमागे जाणार नाही.

कथा थोर आहे, यात शंका नाही. कष्ट सोसून, मूल गमावून, पुराशी व वणव्याशी झुंजून ती बाई त्या मातीची झाली आहे, असे लॉसन वाचकाला पटवतात. पण कथेत आदिवासी माणसे दोनदाच येतात : एकदा फसवणारा म्हणून आणि एकदा बाळंतपणात धावून आलेली म्हातारी मेरी म्हणून. ही जमीन त्यांची होती, ही गोष्ट कथेच्या मनातही येत नाही. मला ती पोकळ लाकडांची रास पुढच्या सव्वाशे वर्षांच्या लेखनाची खूण वाटते, कारण नंतरच्या अनेक कलाकृती नेमक्या त्याच पोकळीत हात घालतात.

त्या पोकळीला कोणी उत्तर दिले का?

लिया पर्सेल यांनी दिले. क्वीन्सलँडमधील आदिवासी कुळातल्या या अभिनेत्रीला आईने लहानपणी लॉसनची ही कथा वाचून दाखवली होती. २०१६ मध्ये त्यांनी त्याच नावाचे नाटक सिडनीत रंगमंचावर आणले, पुढे कादंबरी लिहिली आणि २०२१ मध्ये चित्रपट आला. लॉसनच्या निनावी बाईला पर्सेल यांनी मॉली जॉन्सन हे नाव दिले. तिच्या दारी आलेल्या आदिवासी माणसालाही यादाका हे नाव आहे, भूतकाळ आहे आणि मानेभोवती लोखंडी कडे आहे. त्याच्याशी बोलता बोलता मॉलीला आपल्या आईचे मूळ कळते. ज्या बाईला सगळ्यांनी गोऱ्या वसाहतीची आद्य माता मानले, तिच्या रक्तातच ती जमीन होती, असे म्हणण्याचे धैर्य या कलाकृतीत आहे. मॉलीची भूमिका पर्सेल यांनी स्वतः केली.

जुन्या बुश-साहित्यात स्त्रिया लेखिका म्हणून दिसतात का?

दिसतात, आणि त्यांचे चित्र पुरुष लेखकांपेक्षा पुष्कळ काळोखे आहे. बार्बरा बेंटन यांच्या १९०२ च्या 'बुश स्टडीज' या संग्रहात एकटी बाई सापापेक्षा वाटसरू पुरुषाला जास्त भिते, आणि तिची भीती खरी ठरते. माइल्स फ्रँकलिन यांच्या १९०१ च्या 'माय ब्रिलियंट करिअर'मधील मुलगी तर लग्नालाच नकार देते. लॉसनची आई लुइझा यांनी १८८८ मध्ये 'द डॉन' हे स्त्रियांनी चालवलेले नियतकालिक सुरू केले होते. मेटशिप ही पुरुषांची पंगत होती, हे या स्त्रियांनी तेव्हाच ओळखले होते.

फासावर गेलेला दरोडेखोर आणि हरलेली लढाई ही राष्ट्राची प्रतीके कशी झाली?

नेड केली याला ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नमध्ये फाशी झाली. तो आयरिश कैद्याचा मुलगा होता, त्यामुळे पोलीस व जमीनदारांविरुद्धचा त्याचा राग गरीब आयरिश वसाहतकऱ्यांना आपला वाटला. 'द स्टोरी ऑफ द केली गँग' हा १९०६ चा चित्रपट तासाभराहून मोठा होता आणि जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून युनेस्कोने त्याची नोंद घेतली आहे. आज त्याचे तुकडेच उरले आहेत. अशा चित्रपटांची पोलिसांना इतकी धास्ती वाटली की, १९११-१२ च्या सुमारास काही राज्यांनी त्यांवर बंदी घातली. पीटर केरी यांनी 'ट्रू हिस्टरी ऑफ द केली गँग' या कादंबरीत त्याला त्याच्याच स्वल्पविरामरहित, धापा टाकणाऱ्या भाषेत बोलते केले आणि २००१ चे बुकर पारितोषिक मिळवले.

तुर्कस्तानातील गॅलिपोलीचे तसेच आहे. २५ एप्रिल १९१५ रोजी सुरू झालेल्या त्या मोहिमेत आठ हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन सैनिक मारले गेले आणि शेवटी माघार घ्यावी लागली. पीटर वीअर यांच्या १९८१ च्या 'गॅलिपोली' या चित्रपटाची अखेरची चौकट विसरता येत नाही : धावपटू असलेला कोवळा मुलगा गोळ्या लागताना, छाती पुढे काढून, हवेत गोठून राहतो. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी या मुलांचा बळी दिला, असा ठसा चित्रपट उमटवतो. प्रत्यक्षात 'नेक' येथील त्या हल्ल्याचा आग्रह ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्यांनीच धरला होता. ब्रिटनपासून वेगळे होण्याची ओढ इतिहासावर कशी रंग चढवते, याचा हा नमुना आहे. त्या किनाऱ्यावर भारतीय पहाडी तोफखाना आणि खेचरांची दलेही लढत होती. पडद्यावरील आठवणीत त्यांना क्वचितच जागा मिळाली.

'आदिवासी' हा शब्द इथे योग्य आहे का?

मराठी वाचकाला तो लगेच समजतो, म्हणून मी वापरते. 'मूलनिवासी' या शब्दाला महाराष्ट्रात स्वतंत्र राजकीय अर्थ आला आहे, त्यामुळे तो टाळते. मात्र ऑस्ट्रेलियात मुख्य भूमीवरील आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवरचे लोक असे दोन वेगळे समुदाय मानले जातात, आणि वसाहतीच्या आरंभी तिथे अडीचशेहून अधिक भाषा होत्या. म्हणून जमेल तिथे लेखकाच्या कुळाचे नाव घेणे अधिक आदराचे.

आदिवासी लेखकांचे स्वतःचे लेखन केव्हा सुरू झाले आणि ते कोणत्या अर्थाने वेगळे आहे?

आरंभच एका चोरीने झाला आहे. न्गारिंजेरी कुळातील डेव्हिड युनाइपन यांनी १९२० च्या दशकात आपल्या लोकांच्या कथा लिहून काढल्या. प्रकाशकाने ती हस्तलिखिते विकली आणि १९३० मध्ये त्या कथा एका गोऱ्या डॉक्टरच्या नावाने छापल्या गेल्या. मूळ लेखकाचे नाव त्या संग्रहावर यायला २००१ साल उजाडावे लागले. आज युनाइपन यांचा चेहरा ऑस्ट्रेलियाच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर आहे.

१९६४ मध्ये उजेरू नुनुक्कल यांचा, त्या वेळच्या कॅथ वॉकर यांचा, 'वी आर गोइंग' हा कवितासंग्रह आला. आदिवासी कवीचा हा पहिला प्रसिद्ध संग्रह. त्याच दशकात, १९६७ च्या सार्वमतात, नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी आदिवासींना जनगणनेत मोजण्याच्या बाजूने कौल दिला. त्या प्रचारात उजेरू अग्रभागी होत्या. गोऱ्या वसाहतीच्या दोनशे वर्षांच्या, १९८८ मधील सोहळ्याचा निषेध म्हणून त्यांनी ब्रिटिश राजसत्तेने दिलेला सन्मान परत केला.

मराठी वाचकाने सर्वांत आधी वाचावे असे पुस्तक मात्र सॅली मॉर्गन यांचे 'माय प्लेस' (१९८७) आहे. पर्थमध्ये वाढणाऱ्या या मुलीला शाळेत मुले विचारतात की, तुम्ही लोक कुठले? ती आईला विचारते आणि आई सांगते, भारतातले म्हणून सांग. आदिवासी म्हणून ओळख उघड झाली, तर सरकार मुले उचलून नेईल, ही धास्ती त्या घरात दोन पिढ्या मुरली होती. भारतीय वाचकाला हा प्रसंग चटका लावतो : आपल्या देशाचे नाव एका कुटुंबाने लपण्यासाठी वापरले, कारण स्वतःच्या देशात स्वतःचे नाव सांगणे अधिक धोक्याचे होते. पुस्तक पुढे आजीचा भाऊ, आई आणि आजी यांच्या तोंडून बोलू लागते. आजी डेझी शेवटपर्यंत काही गुपिते सांगत नाही, आणि ती न सांगितलेली गोष्टच मला पुस्तकातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

त्या धास्तीचे कारण म्हणजे 'चोरलेल्या पिढ्या'. विसाव्या शतकात, साधारण १९७० पर्यंत, अनेक आदिवासी मुलांना, विशेषतः मिश्र रक्ताच्या मुलांना, आईपासून तोडून संस्थांत ठेवले जाई. डोरिस पिल्किंग्टन यांनी आपली आई मॉली हिची हकिकत लिहिली : १९३१ मध्ये मॉली आणि तिच्या दोन लहान बहिणी मूर रिव्हर येथील वस्तीतून निसटल्या आणि सशांना अडवण्यासाठी घातलेल्या कुंपणाच्या कडेकडेने सुमारे १,६०० किलोमीटरच्या वाटेला लागल्या, त्यांपैकी एक वाटेत पकडली गेली, दोघी घरी पोहोचल्या. २००२ मध्ये फिलिप नॉइस यांनी त्यावर 'रॅबिट-प्रूफ फेन्स' हा चित्रपट केला. कुंपण हे गोऱ्यांनी जमिनीवर मारलेल्या मालकीचे चिन्ह, आणि तेच या मुलींना घराची वाट दाखवते.

पुढच्या पिढीतील लेखक या दुःखकथेच्या पलीकडे गेले आहेत. इथे 'कंट्री' हा शब्द समजून घ्यावा लागतो. आदिवासी इंग्रजीत कंट्री म्हणजे एखाद्या कुळाची भूमी, तिचे पाणी, पूर्वज, भाषा आणि नियम हे सगळे एकत्र. मराठीत मूळ गाव, कुलाचार आणि देवराई हे तिन्ही शब्द एका श्वासात उच्चारले, तर त्याच्या थोडे जवळ जाता येते. अ‍ॅलेक्सिस राइट यांच्या 'कार्पेंटेरिया'त (२००६) नदी, नाग आणि भरती-ओहोटी ही पात्रांइतकीच कर्ती आहेत. टारा जून विंच यांच्या 'द यील्ड'मध्ये (२०१९) मरणासन्न आजोबा विराजुरी भाषेचा शब्दकोश लिहितात, आणि त्या कुळाचे त्या जमिनीशी असलेले नाते अजून जिवंत आहे, याचा तो शब्दकोशच पुरावा होतो. या दोन्ही कादंबऱ्यांना माइल्स फ्रँकलिन पुरस्कार मिळाला आहे.

ही आत्मकथने आणि मराठी दलित आत्मकथने यांची तुलना करता येईल का?

जपून करावी. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०) आणि 'अक्करमाशी' (१९८४) वाचून तयार झालेला मराठी वाचक 'माय प्लेस'कडे अधिक जागेपणी येतो, हे खरे आहे. नाव न देणारा बाप, सरकारी कागदावरची ओळख, शाळेतला अपमान आणि साऱ्याचे ओझे वाहणारी आई किंवा आजी, या गोष्टी दोन्हीकडे आहेत. मात्र एक फरक मूलभूत आहे. दलित आत्मकथनातला माणूस गावकुसाबाहेर ठेवलेला असतो. गावाने त्याला कधी आत घेतलेच नाही. आदिवासी ऑस्ट्रेलियन लेखनात आपण या भूमीचे आहोत याविषयी कुळाला तिळमात्र शंका नसते. शंका शासनाला असते. म्हणून पहिल्या लेखनात हक्काच्या जागेची मागणी ऐकू येते आणि दुसऱ्यात परतीची वाट.

कथांमध्ये घर ही प्रतिमा इतक्या वेळा का येते?

कारण 'ही जमीन कोणाची नव्हतीच' या कायदेशीर समजुतीवर सगळी घरे उभी होती. ती समजूत ३ जून १९९२ रोजी 'हाय कोर्टा'ने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, माबो खटल्यात मोडीत काढली. टोरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाच्या लोकांचा जमिनीवरचा परंपरागत हक्क मान्य झाला. निकाल लागण्यापूर्वी काही महिने हा खटला लढणारे एडी माबो यांचे निधन झाले होते.

या निकालाच्या छायेत दोन कलाकृती शेजारी ठेवून पाहाव्यात. 'द कॅसल' (१९९७) हा विनोदी चित्रपट मेलबर्नच्या विमानतळाला खेटून असलेल्या घराचा आहे. घर साधे, डोक्यावर विजेच्या तारा, तरी डॅरिल केरिगनला तो राजवाडा वाटतो. विमानतळासाठी घर संपादित होणार म्हटल्यावर तो लढतो, आणि त्याचा मोहल्ल्यातला वकील न्यायालयात गोंधळून राज्यघटना, माबो आणि एकंदर 'व्हाइब' म्हणजे वातावरण अशा कशाच्याही आधारे युक्तिवाद करू पाहतो. डॅरिल एका क्षणी म्हणतो की, आदिवासींना काय वाटत असेल ते आता आपल्याला कळू लागले आहे. प्रेक्षक हसतात, पण ते वाक्य मनापासून आलेले आहे. तरीही डॅरिलला योग्य मोबदल्याच्या घटनात्मक तरतुदीचा आधार मिळतो आणि घर वाचते. आदिवासींना दोनशे वर्षे असा आधार नव्हता. चित्रपट तिथपर्यंत जात नाही. भूसंपादनाच्या नोटिसा पाहिलेल्या मराठी माणसाला तो तरीही फार जवळचा वाटेल.

दुसरी कलाकृती केट ग्रेनव्हिल यांची 'द सीक्रेट रिव्हर' (२००५). लंडनहून कैदी म्हणून पाठवलेला विल्यम थॉर्नहिल हॉक्सबरी नदीकाठी जमीन धरतो. तिथल्या खडकावर आदिवासींनी कोरलेला मासा आहे. हत्याकांडानंतर श्रीमंत झालेला थॉर्नहिल त्याच खडकावर आपले दगडी घर बांधतो. मासा जोत्याखाली जातो, दिसेनासा होतो, आणि पुसला मात्र जात नाही. इतिहास आणि कल्पित यांच्या सीमेवरून इतिहासकारांनी या कादंबरीशी वाद घातला, तो वाचण्यासारखा आहे. पण जोत्याखालचा मासा ही प्रतिमा मला ऑस्ट्रेलियन आपलेपणाविषयी कोणत्याही प्रबंधापेक्षा जास्त सांगते.

चित्रपटांत आदिवासी माणसाचे चित्रण कसे बदलले?

'जेडा' (१९५५) हा ऑस्ट्रेलियातला पहिला रंगीत कथापट. गोऱ्या बाईने वाढवलेली आदिवासी मुलगी आपल्या लोकांकडे ओढली जाते आणि शेवटी कड्यावरून कोसळून मरते. दोन जगांत उभ्या राहणाऱ्या मुलीला मरणाशिवाय वाट नाही, असे तो सांगतो. १९८९ मध्ये आदिवासी दिग्दर्शिका ट्रेसी मोफट यांनी 'नाइट क्राइज' या लघुपटात विचारले की, ती मुलगी जगली असती तर? तिथे प्रौढ झालेली मुलगी आपल्या मरणपंथाला लागलेल्या गोऱ्या आईची सेवा करते, आणि माया व संताप यांना वेगळे करता येत नाही. लॉसनला पर्सेल यांनी दिले, तसेच हे 'जेडा'ला दिलेले उत्तर आहे.

'वॉकअबाउट' (१९७१) मध्ये डेव्हिड गुल्पिलिल हा किशोर प्रथम दिसला. पुढील पन्नास वर्षे त्यांचा चेहरा आणि त्यांचे नृत्य हीच पडद्यावरील आदिवासी ऑस्ट्रेलियाची ओळख राहिली. 'टेन कनूज' (२००६) या चित्रपटाची कल्पना त्यांनी दिग्दर्शक रॉल्फ डी हीर यांना दाखवलेल्या एका जुन्या छायाचित्रातून आली : दलदलीत दहा होड्या आणि त्यांत उभे पुरुष. संपूर्ण संवाद आदिवासी भाषांत असलेला हा पहिला ऑस्ट्रेलियन कथापट. निवेदन गुल्पिलिल यांचे आहे. ते आरंभी परीकथेसारखी सुरुवात करतात, हसतात आणि सांगतात की ही तुमची गोष्ट नाही, माझी आहे. त्या एका हसण्यात गोष्ट सांगण्याचा हक्क परत घेतला जातो. २०२१ मध्ये ते गेले.

वॉरिक थॉर्नटन यांचा 'सॅमसन अँड डिलायला' (२००९) पाहायला कठीण आहे, तरीही पाहावा. पेट्रोल हुंगणारा मुलगा आणि आजीच्या मृत्यूनंतर एकटी पडलेली मुलगी, संवाद जवळजवळ नाहीत. आजीने स्वस्तात विकलेले चित्र मुलीला शहरातल्या दालनात भल्यामोठ्या किमतीला टांगलेले दिसते, आणि ती काहीच बोलत नाही.

चित्रपट सुरू होण्यापूर्वी दिवंगत व्यक्तींविषयी सूचना का दाखवतात?

अनेक आदिवासी समाजांत मृत व्यक्तीचे नाव घेणे किंवा प्रतिमा पाहणे शोककाळात निषिद्ध असते. म्हणून या चित्रफितीत दिवंगतांचे चेहरे व आवाज असू शकतात, असे आधीच सांगितले जाते. मुलांसोबत पाहताना ही सूचना गाळून पुढे जाऊ नये.

बाहेरून आलेल्या लोकांचे चित्रण कसे आहे?

१९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्याने अधिकाऱ्याला आगंतुकाची युरोपातील कोणत्याही भाषेत पन्नास शब्दांची श्रुतलेखन परीक्षा घेण्याचा अधिकार दिला. नको असलेला माणूस नापासच व्हावा, हा हेतू होता. १९३४ मध्ये अनेक भाषा जाणणारे लेखक एगॉन किश यांना स्कॉटिश गेलिकमध्ये परीक्षा दिली गेली आणि न्यायालयात ती टिकली नाही. गोऱ्या ऑस्ट्रेलियाचे हे धोरण १९७३ मध्ये पूर्णपणे संपले.

साहित्यात या प्रवासाचे टप्पे दिसतात. 'दे आर अ वीअर्ड मॉब' (१९५७) हे नीनो कुलोटा नावाच्या इटालियन माणसाचे आत्मकथन म्हणून खपले. लेखक होते जॉन ओग्रेडी, मूळचे आयरिश वंशाचे. परक्याने इथली बोली शिकावी, बिअर प्यावी आणि आपल्यात विरघळून जावे, ही यजमानाची इच्छा तिथे पाहुण्याच्या तोंडून वदवली आहे. १९९२ च्या मेलिना मार्चेट्टा यांच्या 'लुकिंग फॉर अलिब्रांडी'मध्ये इटालियन कुटुंबातली नात स्वतः बोलते. ख्रिस्तोस त्सिओल्कस यांच्या 'द स्लॅप'मध्ये (२००८) मेलबर्नच्या उपनगरातल्या बार्बेक्यूला एक पुरुष दुसऱ्याच्या मुलाला थप्पड मारतो, आणि ग्रीक, भारतीय, आदिवासी व इंग्रज वंशाच्या माणसांनी भरलेले ते अंगण क्षणात दुभंगते. आता विरघळण्याचा प्रश्न उरलेला नाही. एका अंगणात राहायचे कसे, हा आहे.

बेहरूझ बूचानी यांचे उदाहरण या सर्वांहून तीव्र आहे. या कुर्दी लेखकाने पापुआ न्यू गिनीतील मॅनस बेटावर ऑस्ट्रेलियाने चालवलेल्या छावणीत डांबलेले असताना मोबाइलवरून फारसीत मजकूर पाठवत 'नो फ्रेंड बट द माउंटन्स' हे पुस्तक लिहिले. २०१९ मध्ये त्याला व्हिक्टोरिया राज्याचा सर्वोच्च साहित्य पुरस्कार मिळाला. नागरिकत्वाची अट त्यासाठी बाजूला ठेवली गेली. ज्या देशाने माणसाला आत येऊ दिले नाही, त्याच देशाने त्याचे पुस्तक आपले मानले.

भारतीय, आणि त्यांतही मराठी किंवा गोवेकर माणसे, यांत कुठे दिसतात?

२०२१ च्या जनगणनेनुसार परदेशात जन्मलेल्या रहिवाशांत इंग्लंडच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो आणि ही संख्या सुमारे ६ लाख ७३ हजार आहे. त्या मानाने पडद्यावरील उपस्थिती तुटपुंजी आहे. स्क्रीन ऑस्ट्रेलियाच्या २०१६ च्या अहवालानुसार दूरचित्रवाणी मालिकांतील मुख्य पात्रांपैकी १८ टक्के पात्रे ब्रिटिश-आयरिश वंशाबाहेरची होती, तर लोकसंख्येत असे लोक ३२ टक्के होते. १९८५ पासून चाललेल्या 'नेबर्स' या मालिकेत कपूर कुटुंब राहायला आले, ते थेट २०११-१२ च्या सुमारास.

साहित्यात मात्र वाट जुनी आहे. मीना अब्दुल्ला यांचा 'द टाइम ऑफ द पीकॉक' (१९६५) हा रे मॅथ्यू यांच्यासह लिहिलेला कथासंग्रह न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण भागात शेतावर राहणाऱ्या पंजाबी मुसलमान कुटुंबाचा आहे. मुंबईहून सिडनीला गेलेल्या रोआना गोन्साल्विस यांच्या 'द पर्मनंट रेझिडंट' (२०१६) मध्ये मुंबई-गोव्याकडची कॅथलिक माणसे भेटतात. संग्रहाचे नावच अचूक आहे : आपल्या लोकांत 'पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळाला का?' हा प्रश्न तब्येतीच्या चौकशीइतक्या सहजपणे विचारला जातो, आणि त्या दोन अक्षरांत आपलेपणाची सगळी आशा कोंबलेली असते. कागद मिळाल्यावरही माणूस रहिवासी होतो का, हे या कथा विचारतात.

'लायन' (२०१६) हा चित्रपट तर आपल्या अगदी शेजारून सुरू होतो. भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या मार्गावरच्या बऱ्हाणपूर स्थानकात पाच वर्षांचा सरू हरवतो, आगगाडीने कलकत्त्याला पोहोचतो आणि टास्मानियातल्या जोडप्याचा मुलगा होतो. खांडव्यातील 'गणेश तलाई' हे वस्तीचे नाव त्याच्या स्मरणात मोडून राहिले होते. स्वतःचे शेरू हे नावही मोडून सरू झाले होते. भारतातला भाग जिवंत आहे. टास्मानिया मात्र चित्रपटात निव्वळ सुंदर दिसते. त्या बेटाच्या आदिवासींचे काय झाले, याची चाहूलही तिथे लागत नाही.

मुलांना काय दाखवावे, काय वाचायला द्यावे?

शॉन टॅन यांचे 'द अरायव्हल' (२००६) हे शब्दविरहित चित्रपुस्तक घ्यावे. अनोळखी शहरात उतरलेल्या माणसाची ही गोष्ट तुम्ही मराठीत सांगू शकता, कारण पुस्तकात एकही शब्द नाही. 'ब्लूई' मुले पाहतातच. त्यासोबत 'लिटल जे अँड बिग कझ' ही आदिवासी भावंडांची चलत्चित्र मालिकाही दाखवावी.

एकाच आठवड्याचा वेळ असेल, तर सुरुवात कुठून करावी?

पहिल्या दिवशी लॉसनची कथा वाचावी. ती अर्ध्या तासात संपते आणि मोफत उपलब्ध आहे. मग 'माय प्लेस' हाती घ्यावे. आजीच्या भावाच्या निवेदनापर्यंत आलात की बाकीचे ठेवले जाणार नाही. शनिवारी 'टेन कनूज' पाहावा. रविवारी पर्सेल यांचा चित्रपट लावण्यापूर्वी लॉसनचा तो एक परिच्छेद पुन्हा वाचावा, जिथे बाई अंधारात राशीतला ओंडका ओढते.